लॅपटॉप संगणकाची निद्रावस्था व निद्रादोष

लॅपटॉप संगणक वापरात नसताना त्यावरील चालू काम न मिटविता त्याचा विजेचा वापर अत्यल्प पातळीवर आणणे आणि मागणी होताच ते काम जेथे थांबले होते तेथून पुन्हा सुरू करणे, या व्यवस्थेला संगणकाची निद्रावस्था असे म्हणतात. ही अवस्था गाठता न येणे, ती टिकून न राहणे अथवा तिच्यातून सुखरूप बाहेर पडता न येणे, या तिन्ही बिघाडांचा निर्देश पुढील विवेचनात ‘निद्रादोष’ या संज्ञेने केला आहे. हे दोष पुष्कळदा परिचालन प्रणालीचा कर्नेल, म्हणजे तिचा गाभा, अद्ययावत केल्यानंतर प्रथम दिसून येतात. त्यामुळे नवा कर्नेल सदोष आहे, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो कित्येकदा बरोबर असतो. परंतु निद्रावस्था ही कर्नेल, यंत्रातील फर्मवेअर आणि प्रत्येक उपकरण यांच्या एकमेकांशी जुळलेल्या वागणुकीतून साध्य होत असल्यामुळे दोष जेथे दिसतो तेथेच त्याचे मूळ असते असे नाही. पद्धतशीर निदानाची आवश्यकता यातूनच निर्माण होते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः लिनक्स या परिचालन प्रणालीच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे. कारण तिचा कर्नेल स्वतंत्रपणे बदलता येतो, जुना कर्नेल नव्याशेजारी ठेवता येतो व त्यातील प्रत्येक बदल सर्वांना पाहता येतो.

निद्रादोषाचे परिणाम गैरसोयीपुरते मर्यादित नसतात. झाकण मिटून पिशवीत ठेवलेला संगणक प्रत्यक्षात जागाच राहिला, तर पंख्याला हवा न मिळाल्याने तो तापतो, काही तासांत बॅटरी रिकामी होते आणि न साठविलेले काम नष्ट होते. लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्यही वारंवारच्या अतिउष्णतेमुळे घटते. विजेच्या वापरातील फरक साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. ५० वॉट-तास क्षमतेची बॅटरी असलेला संगणक निद्रेत अर्धा वॉट वीज घेत असेल, तर ती बॅटरी सु. १०० तास पुरते; तोच संगणक वरकरणी निद्रिस्त परंतु आतून ५ वॉट घेणारा असेल, तर ती १० तासांत संपते. रात्री पूर्ण भारित असलेला संगणक सकाळी बंद आढळतो तो यामुळेच.

निद्रेचे प्रकार : संगणकाच्या वीजव्यवस्थापनाच्या प्रचलित मानकात कार्यरत अवस्थेला एस० आणि निद्रेच्या अवस्थांना एस१ ते एस४ अशी नावे आहेत, एस५ ही अवस्था संगणक बंद असल्याची द्योतक आहे. एस१ व एस२ या उथळ अवस्था आता क्वचितच आढळतात. लॅपटॉपच्या दृष्टीने पुढील तीन प्रकार महत्त्वाचे आहेत.

(१) स्मृतिस्थित निद्रा (एस३) : हीत मध्यवर्ती प्रक्रियक व बहुतेक उपकरणे यांचा वीजपुरवठा तोडला जातो, केवळ मुख्य स्मृतीला वीज मिळत राहते. मुख्य स्मृतीतील माहिती सूक्ष्म धारित्रांतील विद्युत् भाराच्या रूपाने असते. हा भार सतत झिरपत असल्यामुळे तो ठराविक काळाने पुन्हा भरावा लागतो. एस३मध्ये हे काम स्मृतीच्या चकत्या स्वतःच करतात, त्यामुळे वीज फारच थोडी लागते. जाग आल्यावर नियंत्रण प्रथम फर्मवेअरकडे जाते व तेथून ते कर्नेलकडे सोपविले जाते.

(२) निष्क्रियतेतील निद्रा (एस-टू-आयडल) : हीत संगणक तांत्रिक दृष्ट्या एस० अवस्थेतच असतो. कर्नेल सर्व कार्यक्रम गोठवितो, उपकरणे शक्य तितक्या कमी विजेवर नेतो आणि प्रक्रियकाला त्याच्या सर्वांत खोल निष्क्रिय अवस्थेत सोडतो. सर्व घटक शांत झाले, तरच संपूर्ण चकती अतिशय कमी विजेवर जाते. एकही उपकरण जागे राहिले, तर हे खोल स्तर गाठता येत नाहीत आणि निद्रा नावापुरतीच उरते.

(३) तबकडीस्थित निद्रा (एस४) : हीत स्मृतीतील सर्व माहिती स्थायी साठवणीवर लिहून संगणक जवळजवळ पूर्ण बंद केला जातो. वीज तुटली तरी काम सुरक्षित राहते. मात्र पुन्हा सुरू होण्यास अधिक वेळ लागतो आणि त्यासाठी साठवणीवर पुरेसे स्वॅप क्षेत्र राखून ठेवावे लागते.

ऐतिहासिक आढावा : इंटेल व मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९२ मध्ये एपीएम हे वीजव्यवस्थापनाचे मानक पुढे आणले. त्यात निर्णयाचा मोठा भाग यंत्राच्या फर्मवेअरकडे होता. परिचालन प्रणाली त्याच्याशी केवळ सहकार्य करी. संगणकावर काय चालू आहे याची पुरेशी माहिती फर्मवेअरला नसल्यामुळे ही योजना अपुरी ठरली. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार निर्णयाचा अधिकार परिचालन प्रणालीकडे आला आणि फर्मवेअरकडे यंत्राचे वर्णन करणारे तक्ते व लहानलहान कृतिक्रम पुरविण्याचे काम राहिले. हे कृतिक्रम एका विशिष्ट सांकेतिक भाषेत असतात व कर्नेल त्यांचा अर्थ लावून ते पार पाडतो. २०१३ पासून या मानकाची जबाबदारी यूईएफआय फोरम या संस्थेकडे आहे.

लिनक्सचा कर्नेल लीनस टोरव्हाल्ड्‌स यांनी १९९१ मध्ये लिहावयास घेतला. परंतु निद्रावस्थेचे विश्वसनीय साहाय्य त्यात पुष्कळ नंतर आले. निर्माते आपल्या यंत्रांची चाचणी प्रामुख्याने विंडोज प्रणालीवर घेत असल्यामुळे तक्त्यांतील ज्या चुका तेथे उघड होत नसत, त्या लिनक्सवर दोष म्हणून प्रकट होत. दरम्यान निद्रेची कल्पनाच बदलत गेली. भ्रमणध्वनीप्रमाणे संगणकाने तत्काळ जागे व्हावे व झोपेतही संदेश घेत राहावे, या हेतूने विंडोज ८ मध्ये (२०१२) आणि पुढे विंडोज १० मध्ये (२०१५) एस० अवस्थेतच राहणारी निद्रा रूढ करण्यात आली. लिनक्समध्ये निष्क्रियतेतील निद्रेची सोय २०१३ मध्ये झाली. पुढे अनेक लॅपटॉपांमधून एस३ ही अवस्था निर्मात्यांनी काढूनच टाकली.

या स्थित्यंतराचे एक बोलके उदाहरण २०१८ मधील आहे. लेनोवो कंपनीच्या थिंकपॅड एक्स१ कार्बन या लॅपटॉपाच्या सहाव्या पिढीच्या फर्मवेअरमध्ये एस३ उपलब्ध नव्हती. त्यामुळे लिनक्स वापरणाऱ्यांची यंत्रे झोपेत बरीच वीज घेत. काही जाणकारांनी एसीपीआय तक्त्यात स्वतः दुरुस्ती करून ती कर्नेलला आरंभीच पुरविण्याचा मार्ग शोधला. त्याच वर्षी कंपनीने फर्मवेअरची सुधारित आवृत्ती देऊन निद्रेचा प्रकार निवडण्याची सोय केली. कर्नेलमध्ये एका अक्षराचाही बदल न होता निद्रादोष नाहीसा होऊ शकतो, हे यावरून दिसून येते.

निद्रेची प्रक्रिया : निद्रेची आज्ञा मिळाल्यापासून संगणक शांत होईपर्यंतच्या पायऱ्या ठराविक क्रमाने येतात व निदानाची सर्व साधने या क्रमावरच आधारलेली आहेत. झाकण मिटणे किंवा कळ दाबणे ही सूचना प्रथम सत्रव्यवस्थापक आज्ञावलीकडे जाते. ती कर्नेलला निद्रेची आज्ञा देते. कर्नेल साठवणीवर लिहावयाची राहिलेली माहिती लिहून काढतो व नंतर वापरकर्त्याचे सर्व कार्यक्रम गोठवितो. लिनक्समध्ये यासाठी सामान्यतः २० सेकंदांची मुदत असते; तेवढ्यात एखादा कार्यक्रम गोठला नाही, तर निद्रेचा प्रयत्न सोडून दिला जातो. दूरस्थ फायलींच्या उत्तराची वाट पाहत अडकलेला कार्यक्रम हे अशा अपयशाचे नेहमीचे कारण होय.

यानंतर प्रत्येक उपकरणाच्या चालकाला, म्हणजे ते उपकरण हाताळणाऱ्या आज्ञावलीला, आपले उपकरण निजविण्यास सांगितले जाते. हे काम टप्प्याटप्प्याने होते : पूर्वतयारी, प्रत्यक्ष स्थगिती, उत्तरस्थगिती व अखेरीस व्यत्यय संकेत बंद केल्यानंतरची स्थगिती. ज्या उपकरणावर दुसरे अवलंबून असते ते नंतर निजविले जाते, उदा., यूएसबी नियंत्रकाला जोडलेला कॅमेरा आधी व नियंत्रक मागाहून. एस३मध्ये यापुढे एक वगळता सर्व प्रक्रियक बंद करण्यात येतात व नियंत्रण फर्मवेअरकडे सोपविले जाते. जागे होताना हाच क्रम उलट दिशेने घडतो. शेकडो उपकरणांपैकी एकाच्या चालकाने नकार दिला, तरी संपूर्ण प्रक्रिया माघारी फिरते. एखादा चालक उत्तरच देईनासा झाला, तर यंत्र काळ्या पडद्यावर थिजून राहते.

अद्ययावतीकरण व दोष यांचा संबंध : लिनक्स कर्नेलची नवी मुख्य आवृत्ती साधारणपणे दर नऊ ते दहा आठवड्यांनी निघते आणि तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. यांतील पुष्कळसे चालकांविषयीचे असल्यामुळे निद्रेवर परिणाम होण्याची शक्यता नेहमीच असते. असा परिणाम पुढील मार्गांनी घडतो.

पहिला व सरळ मार्ग म्हणजे एखाद्या चालकातील नवी चूक. आलेखी प्रक्रियक, बिनतारी जाळ्याचे कार्ड, ध्वनिव्यवस्था, स्थायी साठवण आणि यूएसबी नियंत्रक यांचे चालक या बाबतीत विशेष लक्षात घ्यावे लागतात.

दुसरा मार्ग धोरणातील बदलाचा आहे. २०१७ मध्ये लिनक्स कर्नेलमध्ये असा बदल करण्यात आला, की यंत्राच्या तक्त्यांतून कमी विजेच्या एस० अवस्थेचा पुरस्कार होत असेल, तर एस३ उपलब्ध असूनही निष्क्रियतेतील निद्रा मूलतः निवडावी. बदल हेतुपुरस्सर होता व यंत्राच्या घोषित गुणधर्मांना धरून होता. तथापि ज्या यंत्राची ही नवी निद्रा नीट खोल जात नव्हती, त्याच्या मालकाला अद्ययावतीकरणानंतर बॅटरी लवकर संपते, एवढेच जाणवले.

तिसरा मार्ग कर्नेलबाहेरच्या चालकांचा होय. काही चालक, विशेषतः स्वामित्वाधीन आलेखी चालक, कर्नेलसोबत विकसित होत नाहीत. कर्नेलची अंतर्गत रचना स्थिर ठेवण्याचे बंधन त्याच्या विकासकांनी स्वीकारलेले नसल्यामुळे असे चालक प्रत्येक नव्या कर्नेलसाठी पुन्हा बांधावे लागतात. ही बांधणी अयशस्वी झाली तर संगणक पर्यायी चालकावर सुरू होतो. वरकरणी सर्व ठीक दिसते, मात्र निद्रेतून जागे होताना पडदा काळा राहतो.

चौथा मार्ग अंतर्गत त्रुटी उघड होण्याचा आहे. फर्मवेअरमधील चूक वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहिलेली असते. कर्नेल मानकाचे अधिक काटेकोर पालन करू लागला, की ती समोर येते. अशा यंत्रांसाठी कर्नेलमध्ये अपवादांचे तक्ते ठेवलेले असतात. यंत्राचे नाव व प्रतिमान ओळखून कर्नेल त्या यंत्रापुरती वेगळी वागणूक स्वीकारतो.

पाचवा मार्ग सहप्रवासी बदलांचा आहे. अद्ययावतीकरणात कर्नेलबरोबर इतर अनेक आज्ञावलीही बदलतात. उदा., २०२४ मध्ये प्रसृत झालेल्या सिस्टिमडी या व्यवस्थापक संचाच्या २५६ व्या आवृत्तीपासून निद्रेपूर्वी वापरकर्त्याची सर्व सत्रे स्वतंत्रपणे गोठविण्यात येऊ लागली. ही पद्धत न जुळलेल्या काही यंत्रांवर निद्रेत अडथळे आले आणि कर्नेलही त्याच सुमारास बदललेला असेल, तर संशय साहजिकच त्याच्यावर गेला.

तबकडीस्थित निद्रेच्या बाबतीत आणखी काही कारणे संभवतात. नवा कर्नेल बसविताना आरंभसंचाची पुनर्रचना होते. तीत स्वॅप क्षेत्राचा पत्ता सुटला, तर साठविलेली स्मृती सापडत नाही व संगणक नव्याने सुरू होतो. सुरक्षित आरंभाची सोय चालू असता अनेक वितरणांत कर्नेल ही निद्रा मुळातच नाकारतो. कारण साठवणीवरील स्मृतिचित्रात कोणी ढवळाढवळ केली नाही याची खात्री त्याला देता येत नाही. हा दोष नसून सुरक्षिततेचा निर्णय असतो.

लक्षणे : दोषाचे रूप नीट ओळखल्यास शोधाचे क्षेत्र बरेच आकुंचित होते. पडदा क्षणभर मावळून लगेच उजळला, तर एखाद्या चालकाने नकार दिला, कार्यक्रम गोठले नाहीत किंवा जागृतीचा संकेत तत्काळ आला, असे अनुमान करता येते. झोप लागते पण काही मिनिटांनी आपोआप मोडते, तेव्हा यूएसबीवरील माउस, ब्ल्यूटूथ, जाळ्याचे कार्ड अथवा झाकणाचा संवेदक यांकडे पाहावे लागते. जाग येते, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी यंत्र खरोखर थिजले आहे की केवळ दृश्य परतलेले नाही, हे आधी ठरवावे लागते. कळफलकावरील मोठ्या लिपीचा दिवा कळ दाबताच बदलत असेल किंवा दुसऱ्या संगणकावरून जाळ्यामार्फत संपर्क होत असेल, तर कर्नेल जिवंत असून दोष आलेखी चालकाकडे असण्याचा संभव अधिक. झोप व जाग दोन्ही सुरळीत, परंतु बॅटरी वेगाने उतरते, हे निद्रा खोल न गेल्याचे लक्षण होय. झाकण मिटल्यावर काहीच घडत नाही, तेव्हा मात्र कर्नेलचा संबंध पुष्कळदा नसतोच. बाह्य पडदा जोडलेला असताना झाकणाकडे दुर्लक्ष करणे ही अनेक वितरणांतील मूळ मांडणीच आहे.

निदान : (अ) जुन्या कर्नेलशी तुलना : निदानाची पहिली पायरी म्हणजे इतर काहीही न बदलता पूर्वीच्या कर्नेलवर संगणक सुरू करून पाहणे. बहुतेक वितरणे निदान एक जुना कर्नेल राखून ठेवतात, उदा., फेडोरा हे वितरण मूलतः तीन कर्नेल ठेवते. जुन्यावर निद्रा सुरळीत व नव्यावर सदोष असेल, तर कर्नेल अथवा त्यासाठी बांधलेला बाहेरचा चालक यांकडे संशय वळतो. दोन्हींवर दोष दिसला, तर मूळ अन्यत्र, म्हणजे सहप्रवासी आज्ञावली, फर्मवेअर किंवा नव्याने जोडलेले उपकरण यांत शोधावे लागते. या एका चाचणीने पुष्कळ व्यर्थ खटाटोप टळतो.

(आ) नोंदींचे वाचन : कर्नेल आपल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवतो. यंत्र थिजून पुन्हा सुरू करावे लागले असेल, तर मागील सत्राची नोंदवही पाहावयाची असते. निद्रेत प्रवेश केल्याची नोंद आहे पण बाहेर पडल्याची नाही, कोणत्या उपकरणाने कोणती त्रुटी कळविली, कोणता कार्यक्रम गोठला नाही, या बाबी तीतून समजतात. अयशस्वी प्रयत्नांची संख्या, ते कोणत्या टप्प्यावर फसले व शेवटी कोणते उपकरण फसले, यांची मोजदादही कर्नेल वेगळी ठेवतो. निद्रेचा कोणता प्रकार निवडलेला आहे हेही एका लहानशा फायलीतून वाचता येते. अद्ययावतीकरणापूर्वी व नंतर ही निवड तीच आहे काय, हे अवश्य पडताळावे लागते.

(इ) टप्प्यांची चाचणी : कर्नेलमध्ये निद्रेचे नाटक ठराविक टप्प्यापर्यंत वठविण्याची सोय आहे. केवळ कार्यक्रम गोठविणे, उपकरणे निजविणे, फर्मवेअरची पूर्वतयारी, प्रक्रियक बंद करणे व गाभ्यापर्यंत जाणे असे हे पाच टप्पे असून प्रत्येक चाचणीत कर्नेल तेथवर जाऊन पाच सेकंद थांबतो व परततो. पहिल्या टप्प्यावर यश आणि दुसऱ्यावर अपयश आले, तर दोष उपकरणचालकांत आहे हे निश्चित होते. मग संशयित चालक एकेक करून काढून टाकीत चाचणी पुन्हा घेतात. शेवटचे दोन टप्पे निष्क्रियतेतील निद्रेला लागू पडत नाहीत.

(ई) काळाच्या घड्याळातील खूण : यंत्र जागे होताना इतके थिजते की कोणतीही नोंद साठवणीवर पोचत नाही, अशा प्रसंगी एक कल्पक युक्ती वापरली जाते. निद्रेच्या काळातही चालू राहणाऱ्या घड्याळाच्या चकतीत कर्नेल प्रत्येक पायरीची एक सांकेतिक संख्या लिहीत जातो. यंत्र बंद करून सु. तीन मिनिटांच्या आत पुन्हा सुरू केले, की त्या संख्येवरून शेवटचे उपकरण ओळखता येते. या चाचणीनंतर संगणकाचे घड्याळ भलतीच वेळ दाखविते. ते पुन्हा लावावे लागते.

(उ) खोलीचे मापन : निष्क्रियतेतील निद्रेत यंत्राने खोल अवस्थेत खरोखर किती काळ घालविला, याची मोजणी इंटेल व एएमडी यांच्या प्रक्रियकांवर उपलब्ध असते. तासभराच्या झोपेनंतर हा आकडा शून्य असेल, तर कोणते तरी उपकरण जागे राहिले असे समजावे. स्थायी साठवणीचा नियंत्रक, यूएसबीवरील उपकरण व स्वतंत्र आलेखी प्रक्रियक यांची तपासणी अशा वेळी प्रथम करतात.

(ऊ) द्विभाजन : दोष कर्नेलमध्येच आहे हे ठरल्यावर नेमका कोणता बदल कारणीभूत आहे, हे शोधण्यासाठी द्विभाजनाची पद्धत वापरली जाते. टोरव्हाल्ड्‌स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेल्या गिट या आवृत्तिव्यवस्थेत ही सोय आहे. चांगली ठरलेली जुनी आवृत्ती व वाईट ठरलेली नवी आवृत्ती यांच्या मधोमधचा कर्नेल बांधून तपासला, की निम्मे बदल संशयमुक्त होतात. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करावयाचे. २ चा १४ वा घात १६,३८४ असल्यामुळे १४,००० बदलांतून एक निवडण्यास सु. १४ चाचण्या पुरतात. ही पद्धत चालविण्यास कर्नेलच्या अंतरंगाचे ज्ञान लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

तिच्यात एक धोका आहे. दोष प्रत्येक वेळी न दिसता अधूनमधून दिसत असेल, तर सदोष कर्नेल चुकून निर्दोष ठरविला जातो व त्यापुढचा सर्व शोध वाया जातो. तीन झोपांपैकी सरासरी एकीत दोष दिसतो असे मानल्यास एकाच चाचणीत तो न दिसण्याची संभाव्यता दोन-तृतीयांश असते. दहा चाचण्यांत एकदाही न दिसण्याची संभाव्यता २ टक्क्यांहून कमी होते. म्हणून कोणताही कर्नेल निर्दोष ठरविण्यापूर्वी त्यावर निद्रेचे अनेक फेरे घेणे आवश्यक असते. ठराविक सेकंदांनी आपोआप जाग आणणारी घड्याळाची सोय वापरून हे फेरे मनुष्याच्या उपस्थितीवाचून घेता येतात.

उपाय : निदान पूर्ण होईपर्यंत जुन्या कर्नेलवर काम करणे हा सर्वांत निर्धोक तात्पुरता उपाय होय. मात्र तो दीर्घकाळ चालविणे इष्ट नाही; कारण कर्नेलच्या नव्या आवृत्त्यांबरोबर सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही येतात. दीर्घ मुदतीची देखभाल लाभणाऱ्या कर्नेल-शाखेचा स्वीकार केल्यास सुरक्षितता व स्थैर्य या दोहोंचा मेळ बसतो.

जागृतीचा अनावश्यक संकेत देणाऱ्या उपकरणाचा तो अधिकार काढून घेता येतो. सदोष चालक निद्रेपूर्वी काढून जागृतीनंतर पुन्हा बसविता येतो. यंत्रात एस३ उपलब्ध असेल, तर आरंभीच्या सूचनेने तिची निवड करता येते. नसेल, तर फर्मवेअरच्या मांडणीत तसा पर्याय आहे काय, हे पाहावे लागते. यंत्राच्या निर्मात्याने ज्या प्रकाराची चाचणीच घेतलेली नाही, तो प्रकार सक्तीने वापरल्यास नवे दोष उद्‌भवू शकतात, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. बाहेरचा चालक वापरात असेल, तर तो नव्या कर्नेलसाठी व्यवस्थित बांधला गेला आहे याची खात्री करून घ्यावी लागते. फर्मवेअरची नवी आवृत्ती उपलब्ध असल्यास ती बसविण्याने कित्येक दोष दूर होतात. तथापि कर्नेल व फर्मवेअर एकाच दिवशी बदलल्यास कशाचा गुण आला हे कळत नाही. एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम नोंदविणे, हे या सर्व उपायांचे सामान्य सूत्र आहे.

चाचणीच्या काळात सर्व काम आधी साठवून ठेवणे, संगणक पिशवीत न ठेवता मोकळ्या जागी ठेवणे आणि तबकडीस्थित निद्रेत असलेल्या यंत्राची साठवण दुसऱ्या परिचालन प्रणालीतून न उघडणे, ही पथ्ये पाळावी लागतात. शेवटचे पथ्य मोडल्यास साठविलेले स्मृतिचित्र व साठवणीची प्रत्यक्ष स्थिती यांत विसंगती निर्माण होऊन फायली कायमच्या खराब होण्याचा धोका असतो.

दोषाचे वृत्त : पूर्वी चालणारी गोष्ट नव्या कर्नेलने बिघडविता कामा नये, हा नियम टोरव्हाल्ड्‌स यांनी कर्नेलच्या विकासात सातत्याने लावून धरला आहे. त्यामुळे दोष निर्माण करणारा बदल नेमकेपणाने दाखवून दिल्यास तो दुरुस्त होण्याची किंवा मागे घेतला जाण्याची शक्यता बरीच असते. अशा वृत्तात यंत्राचे प्रतिमान, फर्मवेअरची आवृत्ती, शेवटचा चांगला व पहिला वाईट कर्नेल, निद्रेचा प्रकार, किती प्रयत्नांत किती वेळा दोष दिसला आणि संबंधित नोंदी यांचा समावेश असावा लागतो. स्वामित्वाधीन चालक बसविलेला कर्नेल स्वतःला ‘कलंकित’ म्हणून नोंदवितो. त्याविषयीच्या तक्रारी विकासक सहसा विचारात घेत नाहीत. म्हणून शक्य तर तो चालक काढून दोष पुन्हा दाखवावा लागतो.

इतर प्रणाली : विंडोज प्रणालीत कर्नेलचे बदल नियतकालिक अद्ययावतीकरणात अंतर्भूत असतात व ते वेगळे करता येत नाहीत. तथापि निद्रेच्या प्रत्येक सत्रात किती वीज खर्च झाली व कोणते घटक जागे राहिले, याचा अहवाल तीत मिळतो. शेवटची जाग कशामुळे आली व कोणती आज्ञावली झोपेला विरोध करीत आहे, हेही विचारता येते. ॲपल कंपनीच्या मॅक संगणकांत यंत्र, फर्मवेअर व परिचालन प्रणाली एकाच निर्मात्याची असल्यामुळे परस्परांतील विसंगतीस वाव कमी असतो. निद्रा व जागृती यांच्या नोंदी तेथेही उपलब्ध आहेत.

लॅपटॉपांची प्रतिमाने असंख्य आणि प्रत्येकाचे फर्मवेअर निराळे असल्यामुळे प्रत्येक यंत्राची प्रत्येक कर्नेलवर चाचणी घेणे कोणत्याही एका संस्थेला शक्य नाही. एका यंत्राच्या वापरकर्त्याने केलेले निदान कर्नेलच्या अपवादांच्या तक्त्यात एका ओळीच्या रूपाने समाविष्ट झाले, तरी त्याच प्रतिमानाची सर्व यंत्रे पुढील आवृत्तीपासून सुरळीत झोपू लागतात. निद्रादोषांच्या निवारणात सामान्य वापरकर्त्याच्या काटेकोर निरीक्षणाला विकासकाच्या कौशल्याइतकेच महत्त्व आहे ते यामुळेच.